अल्बर्टातले ऋतू आणि त्यांच्या जत्रा: तुमचे अनुभव इथे लिहा

पाणकणीस

नमस्कार मंडळी,

मला कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीत येऊन चौदा वर्षं झाली. दर वर्षी कोणीतरी नवीन कुटुंब येतं आणि गणपतीच्या नाहीतर दिवाळीच्या जेवणात शेजारी बसून विचारतं, "इथे सणवार काही असतात का हो?" सुरुवातीची दोन वर्षं मी सांगायचे की आपले आपण करायचे, बाकी काही नाही. मी चुकीचं सांगत होते. सण होते, मलाच त्यात शिरायचं दार सापडलं नव्हतं. म्हणून हा धागा काढतेय.

आधी इथला ऋतू समजून घ्या, कारण सगळं त्यावर आहे. पूर्वेकडे गहू आणि कनोलाचं सपाट माळरान, पश्चिमेला रॉकी पर्वत, कॅलगरी दोघांच्या मधे. बर्फ ऑक्टोबरात येतो आणि एप्रिल संपेपर्यंत अधूनमधून पडत राहतो. मेमध्ये लावलेली टोमॅटोची रोपं कडाक्याने रात्रीत काळी पडलेली मी स्वतः पाहिली आहेत. त्यामुळे उघड्यावरचं जे काही करायचं ते जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. २१ जूनला सूर्य पहाटे साडेपाचच्या आधी उगवतो आणि रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. त्या अडीच महिन्यांत माणसं घरात बसतच नाहीत.

सगळ्यात मोठी जत्रा अर्थातच कॅलगरी स्टॅम्पीड, गुराख्यांच्या खेळांची. जुलैत दहा दिवस. गाय वीडिक नावाच्या अमेरिकन माणसाने १९१२ साली चार बड्या गुरेवाल्या मालकांकडून पैसा उभा करून ती पहिल्यांदा भरवली. १९२३ पासून ती शहराच्या जुन्या औद्योगिक प्रदर्शनाला जोडली गेली आणि दर वर्षीची झाली. २०२४ साली दहा दिवसांत १४ लाख ७७ हजारांहून जास्त लोक आले, म्हणजे जवळजवळ शहराच्या लोकसंख्येएवढे. पण मैदानावर तिकीट काढून जाणं हा स्टॅम्पीडचा एक भाग झाला. दुसरा भाग फुकट असतो आणि तुमच्या गल्लीत असतो: पॅनकेक ब्रेकफास्ट.

१९२३ साली जॅक मॉर्टन नावाच्या एका चकवॅगनवाल्याने (चकवॅगन म्हणजे गुराख्यांची स्वयंपाकाची घोडागाडी) आपली गाडी शहरात उभी केली, चूल पेटवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पॅनकेक खाऊ घातले. तेव्हापासून ही रीत आहे. त्या दहा दिवसांत चर्च, गुरुद्वारे, मशिदी, मॉल, बँका, वस्तीतली कम्युनिटी हॉलं, जो तो सकाळी लोकांना जेवू घालतो. कोणी विचारत नाही तुम्ही कुठले.

मी तिसऱ्या वर्षी आमच्या वस्तीच्या हॉलमध्ये मदतीला नाव दिलं. पहाटे साडेपाचला पोचले. जुलै असूनही अंगात जाकीट होतं. मागच्या आवारात सहा फुटी लोखंडी तवे गॅसवर चढवलेले, गवताच्या पेंढ्या बसायला मांडलेल्या, आणि रंगाच्या डब्याएवढ्या बादल्यांत पीठ भिजवलेलं. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी. मी पहिले चार-पाच घाईने उलटले, आतून कच्चे राहिले. त्यांनी माझा हात धरून थांबवलं आणि बोटाने दाखवलं: वर बुडबुडे येतात, फुटतात, आणि भोक तसंच उघडं राहतं, बुजत नाही, तेव्हा उलटायचं. मी त्यांना म्हटलं, माझ्या आईने मला घावन असंच शिकवलं. मग घावन म्हणजे काय ते सांगता सांगता नऊ वाजले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे गाव माझं आहे. तोवर कामाचं ठिकाण होतं, घराचा पत्ता होता, गाव नव्हतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की बघायला जाऊ नका, कामाला जा. बाकीच्यांनी आपापल्या भागातलं लिहा.

नवखा_कॅलगरी

ताई, अगदी वेळेवर धागा आला. आम्ही फेब्रुवारीत आलो, पुण्याहून. उणे अठ्ठावीस होतं. बायको आणि चार वर्षांची मुलगी तीन महिने जवळजवळ घरातच होत्या. फॅमिली डेची सुट्टी मिळाली पण त्या दिवशी करायचं काय तेच कळलं नाही. वाचतोय.

उत्तरायण

पाणकणीस, छान सुरुवात. एडमंटनकडून हजेरी लावतो.

नवखा, फॅमिली डे म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा सोमवार. अल्बर्टाने तो १९९० साली सुरू केला, बाकीच्या प्रांतांनी नंतर उचलला. त्या दिवशी जवळच्या गोठलेल्या तळ्यावर जायचं. स्केटिंग येत नसलं तरी मुलीला घसरगाडीवर बसवून ओढा. शेकोट्या पेटवलेल्या असतात, गरम चॉकलेट मिळतं. आमच्याकडे याच सुमाराला सिल्व्हर स्केट फेस्टिव्हल असतो. त्याआधी फ्लाइंग कनू असतो, मिल क्रीकच्या घळीत झाडांवर दिवे लावतात आणि फ्रेंच व मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांच्या गोष्टी सांगतात. उणे वीसमध्ये माणसं चालत जातात. इथे एक गोष्ट शिकलो, थंडी संपायची वाट बघितली तर अर्धं आयुष्य वाट बघण्यात जातं.

पण मला खरं लिहायचंय ते युक्रेनी लोकांबद्दल. १८९१ साली पहिले दोघे युक्रेनी शेतकरी कॅनडात आले, आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी एडमंटनच्या पूर्वेचा सगळा पट्टा नांगराखाली आणला. आजही त्या बाजूला गेलात की गव्हाच्या शेतामधे एकदम त्यांच्या चर्चचे कांद्याच्या आकाराचे घुमट दिसतात. तिथल्या वेग्रविल गावात जगप्रसिद्ध अंडं आहे, पिसांका, म्हणजे त्यांच्या नक्षीदार ईस्टर अंड्याची भव्य प्रतिकृती. १९७५ साली उभं केलं, ३१ फूट उंच, ॲल्युमिनियमचं, आणि वाऱ्यावर फिरतं. जुलैत तिथे जत्रा भरते.

त्यांचा मलांका हा सण १३ जानेवारीचा. जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे ती वर्षाची शेवटची रात्र. दुसऱ्या दिवशी आपली संक्रांत! माझे एक सहकारी युक्रेनी वंशाचे आहेत, त्यांच्या आजोबांचे आजोबा इथे आले होते. एका वर्षी मी ऑफिसात तिळगुळ नेला तेव्हा ते म्हणाले, काल आमच्याकडे नाच होता, यायचं होतंस. पुढच्या वर्षी गेलो. आणि नाताळच्या आदल्या रात्रीच्या त्यांच्या बारा पदार्थांतला पहिला पदार्थ काय असतो माहीत आहे? कुत्या. अख्खा गहू भिजवून शिजवायचा, त्यात मध आणि वाटलेली खसखस. मी पहिला घास घेतला आणि गप्प झालो. आमच्या सोलापूरकडची गव्हाची खीर, हुग्गी. गुळाच्या जागी मध, एवढाच फरक. घराच्या कोपऱ्यात गव्हाची पेंढी उभी करतात, ती गेलेल्या पूर्वजांसाठी. मी आमच्या हुग्गीबद्दल सांगितलं तर त्यांच्या आईने मला सोबत डबा भरून दिला.

मृण्मयी_लेथब्रिज

वा उत्तरायण! कुत्याबद्दल माहीत नव्हतं.

दक्षिणेकडून मी. आमच्याकडचा सण म्हणजे मका. टेबर गावाचा मका ऑगस्टमध्ये येतो, तेव्हा अल्बर्टाभर रस्त्याच्या कडेला ट्रक उभे राहतात आणि लोक डझनावारी घेतात. दिवसा कडक ऊन, रात्री थंडी, म्हणून गोडी धरते असं इथले शेतकरी सांगतात. ऑगस्टच्या शेवटी टेबरला कॉर्नफेस्ट असतो. मी दर वर्षी तीन डझन आणते: एक डझन भाजून, एकाचा कीस, आणि एक किसून फ्रीझरमध्ये. जानेवारीत त्याची थालीपीठं लावते.

घाई करा मात्र. कणीस तोडल्यावर गोडी उतरायला लागते. ट्रकवाल्याला विचारा, आज सकाळचा आहे का. तो खरं सांगतो.

खिल्लार

धागा चांगला आहे, पण स्टॅम्पीडची एक बाजू इथे आलेली नाही म्हणून लिहितो. पॅनकेक ठीक आहेत. रोडिओ (उधळत्या घोड्या-बैलांवर बसण्याचे आणि दोरी टाकण्याचे खेळ) आणि चकवॅगनच्या शर्यती मला बघवत नाहीत. २०१९ साली चकवॅगनच्या शर्यतींत सहा घोडे दगावले. वासराला दोरी टाकून आडवं पाडतात ते बघून माझी मुलगी रडायला लागली, आम्ही उठून आलो. परत गेलो नाही. जत्रेचं कौतुक करताना हे सांगायला हवं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पाणकणीस

खिल्लार, बरं झालं लिहिलंत. मीही शर्यतीला एकदाच गेले आहे. २०१९ नंतर नियम बदलले, एका फेरीत चारऐवजी तीनच गाड्या सोडायला लागले. ते पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही.

तुमचं नाव वाचून विचारते, तुम्ही सांगलीकडचे का? आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींवरही हाच वाद झाला. २०१४ साली बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने परवानगी दिली. माझ्या माहेरी दोन्ही बाजूंची माणसं आहेत आणि दोन्ही बाजूंची माणसं बैलांवर जीव टाकणारी आहेत.

खिल्लार

हो, सांगली जिल्हा, आटपाडीकडचा. आमच्या घरी खिल्लार होते, शर्यतीचे. आजोबा त्यांना स्वतःच्या आधी खाऊ घालायचे. म्हणूनच म्हणतो. जनावर दमलं की त्याच्या डोळ्यात दिसतं, ते मी लहानपणापासून बघितलंय. पशुप्रदर्शनाला मात्र मी दर वर्षी जातो. गुरांच्या गोठ्यात, मेंढ्यांच्या कातरणीला. शेतकऱ्यांची पोरं आपापली गाय घेऊन येतात, आदल्या रात्री तिथेच पेंढ्यावर झोपतात, सकाळी तिला धुऊन विंचरतात. तिथे मला घरी आल्यासारखं वाटतं. नवीन माणसाला मी तिकडे घेऊन जाईन.

डोंगरवाट

कॅनमोरहून लिहितेय. इथे राहायला आले तेव्हा वाटलं, पर्यटकांचं गाव आहे, आपलं म्हणून काही नसेल. मग एका उन्हाळ्यात मायनर्स डेची मिरवणूक बघितली.

हे गाव कोळशाचं. पहिली खाण १८८७ साली, शेवटची बंद झाली १३ जुलै १९७९ ला. आता जिथे महागडी घरं आहेत त्यांच्या खाली बोगदे आहेत. मिरवणुकीत जुने खाणकामगार, त्यांची मुलं, नातवंडं हातात खाणीतले दिवे घेऊन चालतात. बँड नाही, फटाके नाहीत. दर वर्षी जुने चेहरे कमी होतात. मी मुंबईची, गिरणगावची. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर आमच्या चाळीत काय झालं ते मी बघितलंय. गिरण्यांच्या जागी मॉल आले, पण गिरणी कामगारांची अशी मिरवणूक माझ्या बघण्यात नाही. पहिल्या वर्षी मी फुटपाथवर उभी राहून रडले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, तुझं कोण होतं खाणीत? मी म्हटलं, खाणीत कोणी नव्हतं, पण वडील कामगार होते. ते म्हणाले, मग चल. तेव्हापासून मी चालते.

बाकी ऑगस्टच्या लाँग वीकएंडला इथला फोक फेस्टिव्हल असतो, १९७८ पासूनचा, अल्बर्टातला सगळ्यात जुना. थ्री सिस्टर्सचे सुळके समोर, गवतावर सतरंज्या. संध्याकाळी स्वेटर न्याच. बँफला ऑक्टोबरच्या शेवटी डोंगरांवरच्या चित्रपटांचा महोत्सव भरतो, तो १९७६ पासून. जानेवारीत लेक लुईसला बर्फातून मूर्ती कोरतात.

सप्टेंबरच्या शेवटी लार्चची झाडं सोनेरी होतात. सूचिपर्णी असून पानं पिवळी पडून गळतात. दोन आठवडे फक्त. लार्च व्हॅलीला अख्खं कॅलगरी लोटतं. तिकडे जाणाऱ्या मोरेन लेकच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी गाड्या बंद आहेत, बसचं आरक्षण आधी करा. आम्ही आरक्षण न करता पाहुण्यांना घेऊन गेलो होतो, परत यावं लागलं.

उत्तरायण

डोंगरवाट, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं.

नवखा_कॅलगरी

मीही. ताई, एक विचारायचंय. पाववाव, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा नाच-गाण्याचा मेळा, बघायला जावं का? मुलीला न्यायचंय, पण तो त्यांचा धार्मिक कार्यक्रम असेल तर आपण जाणं बरं दिसेल का, कळत नाही.

पाणकणीस

जा. बहुतेक पाववाव सगळ्यांसाठी खुले असतात आणि पाहुण्यांचं मनापासून स्वागत होतं. तरी नीट माहिती घेऊन जा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅलगरी ज्या जमिनीवर आहे तिचा करार म्हणजे ट्रीटी सेव्हन, १८७७ सालचा. त्यात इथल्या मूळ रहिवाशांची पाच राष्ट्रं: सिक्सिका, काइनाई, पिकानी, त्सूतिना आणि स्टोनी नाकोडा. पुढे कॅनडाच्या कायद्याने त्यांच्या कितीतरी नाचांवर आणि विधींवर बंदी घातली. १९१२ च्या स्टॅम्पीडला त्यांना यायला मिळावं म्हणून वरपर्यंत खटपट करावी लागली होती. आणि त्याच वर्षी टॉम थ्री पर्सन्स या काइनाई स्वाराने सायक्लोन नावाच्या घोड्यावर टिकून राहून विजेतेपद मिळवलं. त्या घोड्यावर तोवर कोणी टिकलं नव्हतं असं म्हणत. स्टॅम्पीडमध्ये आज एल्बो रिव्हर कॅम्प आहे, तिथे या पाच राष्ट्रांची २६ टीपी (शंकूच्या आकाराचे तंबू) उभी असतात. कुटुंबं दहा दिवस तिथे राहतात, काहींची तिसरी-चौथी पिढी. टीपीवरची चित्रं त्या त्या घराण्याची असतात. २०१८ पर्यंत त्याला इंडियन व्हिलेज म्हणत, मग तिथल्याच लोकांनी विचार करून नाव बदललं.

पाववावमध्ये ग्रँड एंट्रीला, म्हणजे नाचणारे रिंगणात येतात तेव्हा, सगळे उभे राहतात, तुम्हीही उभे राहा, टोप्या काढा. फोटो काढू नका असं सूत्रधार सांगेल तेव्हा फोन खिशात. पोशाखाला हात लावायचा नाही. त्याला कॉश्च्यूम म्हणू नका, रीगेलिया म्हणतात. एकेकाचं मणीकाम करायला वर्षं लागतात, कुणाच्या आजीने केलेलं असतं. जिंगल ड्रेस घालून मुली नाचतात तेव्हा शेकडो छोट्या धातूच्या शंकूंचा आवाज होतो, पावसाची सर पत्र्यावर आल्यासारखा. मधे "इंटरट्रायबल" पुकारतात, तेव्हा सगळ्यांना रिंगणात बोलावतात. मुलीला घेऊन जा आणि चाला त्यांच्याबरोबर. माझी मुलगी पाच वर्षांची असताना एका आजींनी तिचं बोट धरून फेरी मारवली. ती आता मोठी झाली आहे, अजून सांगते.

मृण्मयी_लेथब्रिज

आपल्या गणपतीबद्दल कोणी लिहिलंच नाही!

पाणकणीस

लिहिते. २०१४ ची अनंत चतुर्दशी ८ सप्टेंबरला होती. जे तेव्हा कॅलगरीत होते त्यांना ती तारीख विसरता येणार नाही. त्या दिवशी बर्फ सुरू झाला आणि तीन दिवस पडत राहिला. झाडांची पानं अजून हिरवी होती, त्यामुळे ओला बर्फ पानांवर साचला आणि फांद्या मोडून पडायला लागल्या. रात्रभर कडाकड आवाज. आमच्या घरचं विसर्जन गॅरेजमध्ये बादलीत केलं. शाडूची मूर्ती, विरघळायला दोन दिवस लागले. शेजारचे गृहस्थ फांदी पडून बंद झालेला आमचा रस्ता करवतीने मोकळा करायला आले होते, ते आरतीला थांबले. मोदक खाल्ले. वसंतात ते गाळाचं पाणी आम्ही लायलॅकच्या बुंध्याशी घातलं.

त्याच्या आदल्या वर्षीचंही सांगते. २०१३ च्या जूनमध्ये बो आणि एल्बो नद्यांना पूर आला. स्टॅम्पीडचं मैदान पाण्यात, तिथल्या सॅडलडोम स्टेडियमच्या खालच्या रांगा बुडालेल्या. दोन आठवड्यांत, ५ जुलैला, स्टॅम्पीड ठरल्या दिवशी उघडलं. टी-शर्ट विकून आलेले पैसे रेड क्रॉसला दिले. आम्ही मंडळाच्या बायकांनी पूरग्रस्त वस्त्यांत चिखल काढणाऱ्यांना पोळीभाजीचे रोल नेऊन दिले. ओळखपाळख नसलेली माणसं ओळखपाळख नसलेल्या घरांची तळघरं उपसत होती. या गावाची जत्रा मोठी का आहे, ते मला त्या आठवड्यात समजलं.

उत्तरायण

एडमंटनचा हेरिटेज फेस्टिव्हलही नोंदवून ठेवा. ऑगस्टचा लाँग वीकएंड, १९७६ पासून. साठाहून जास्त तंबू, प्रत्येकात एकेका देशाचं खाणं, नाच, हस्तकला. मी चार वर्षं भारताच्या तंबूत कांदा चिरलाय.

आणि खेड्यांतलं फॉल सपर. सुगी झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात छोट्या गावांच्या हॉलमध्ये जेवण असतं. टर्की, बटाटे, घरोघरच्या बायकांनी केलेले 'पाय' (pie, फळं भरून भाजलेला गोड पदार्थ), लांब टेबलं, आणि शेजारी कोण बसेल ते नशीब. आपल्या भंडाऱ्याची आठवण येते. शाकाहारी असाल तर आधी सांगा, सोय करतात. सॅस्कटून बेरीचा पाय सोडू नका, जांभळाच्या रंगाची छोटी फळं असतात.

नवखा_कॅलगरी

सगळ्यांचे आभार. मी यादी करून फ्रीजवर लावलीय. पाणकणीसताई, यंदाच्या पॅनकेकच्या सकाळी आम्ही दोघं मदतीला आलो तर चालेल का? बायकोला घावन उत्तम येतात, ती कुडाळची आहे. मुलगीही येईल.

पाणकणीस

चालेल काय, याच! तुम्हाला निरोप पाठवलाय, त्यात पत्ता आहे. मुलीला जाकीट घाला, सूर्य वर येईपर्यंत गार असतं. ती कागदी ताटल्या वाटेल. तुमच्या सौ.ना मी माझ्या शेजारच्या तव्यावर घेते. आजी आता नाहीत, त्यांची जागा रिकामी आहे.

साडेपाचला या, हॉलच्या मागच्या दाराने. पुढचं सातला उघडतं.